पावसाळ्यात पूल बंद, म्हणजे नेमकं काय बंद?

जूनचा दुसरा आठवडा. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सव्वासातला एक फोटो पडला. स्विमिंग पूलचा. पाण्याचा रंग पालकाच्या पातळ भाजीसारखा. खाली एकच ओळ : 'मेंटेनन्स कशासाठी देतो आपण?'

दुपारपर्यंत तीन पक्ष पडले. एक म्हणाला, पाणी सोडून द्या, दसऱ्याला परत भरू. दुसरा म्हणाला, ब्लीचिंगची आख्खी गोणी ओता. तिसऱ्याने केरळातल्या 'मेंदू खाणाऱ्या अमिबा'ची बातमी फॉरवर्ड केली आणि पोरांना पुन्हा पूलमध्ये सोडणार नाही असं जाहीर केलं. कमिटीवर असल्यामुळे हे तिन्ही पक्ष माझ्या दारात येऊन गेले. तिघांनाही जे तुटक तुटक सांगितलं, ते इथे सलग लिहितोय. (इथून पुढे पूल म्हणजे पोहायचा. घोडबंदरच्या उड्डाणपुलांवर लिहायला वेगळी वही लागेल.)

तलावात कोणी क्लोरीन टाकत नाही, मग पूलमध्ये का?

ठाण्याच्या माणसाला हा प्रश्न पडायलाच हवा. मासुंदा, उपवन, कचराळी... कुठल्या तलावावर रोज सकाळी कोणी पावडर घेऊन जातं?

तलाव जिवंत असतो. त्याच्या गाळात जिवाणू असतात, पाण्यात वनस्पती आणि मासे असतात. पडलेलं पान कोणीतरी कुजवतं, कुजलेलं कोणीतरी खातं. तरी ते पाणी आपण पीत नाही आणि नाकातोंडात जाऊ देत नाही. पूल म्हणजे टाइल्सचा डबा. त्यात जे जाईल ते तिथेच राहतं. आणि माणूस पाण्यात उतरतो तेव्हा घाम, अंगाचं तेल, केसांचं तेल, सनस्क्रीन सगळं सोबत नेतो. काही जण याहून जास्त नेतात, पण तो विषय सभेत निघाला की सगळे छताकडे बघतात.

म्हणून पूलला दोन कामगार लागतात. डोळ्यांना दिसणारी घाण काढायला फिल्टर, न दिसणारी मारायला क्लोरीन. फिल्टरबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. पंपाने पूलच्या आकाराएवढं पाणी एकदा फिरवलं म्हणजे सगळं पाणी गाळून झालं, असं नसतं. गाळलेलं पाणी परत त्याच पाण्यात मिसळतं, त्यामुळे काही पाणी दोनदा गाळलं जातं आणि काही एकदाही नाही. एका फेरीत जेमतेम ६३ टक्के पाणी फिल्टरमधून जातं. दुसऱ्या फेरीअखेर ८६, तिसऱ्या फेरीअखेर ९५, चौथ्या फेरीअखेर ९८. पंप दिवसातून तासभर चालवून 'फिल्टर तर चालू आहे' म्हणणं, हे पोळपाट न धुता फक्त लाटणं धुण्यासारखं आहे.

क्लोरीन आणि ठाणे स्टेशनबाहेरच्या रिक्षा

आता जरा रसायन. घाबरू नका, रिक्षातून जाऊ.

स्टेशनबाहेर शंभर रिक्षा उभ्या आहेत. काहींत प्रवासी बसलेत. काही रिकाम्या आहेत, पण 'वागळे?' म्हटलं की चालक नुसती मान हलवतो. आणि काही रिकाम्या आहेत आणि यायलाही तयार आहेत. तुम्हाला घरी जायचं असेल तर फक्त या शेवटच्या रिक्षा उपयोगाच्या. दुरून मात्र शंभरच दिसतात.

पूलमधलं क्लोरीन तंतोतंत असं असतं. घाम-लघवीतल्या नायट्रोजनशी जे क्लोरीन बांधलं गेलं, ती भरलेली रिक्षा. त्याला बांधील क्लोरीन म्हणू. ते जंतू फारसे मारत नाही, पण डोळे चुरचुरवतं आणि उग्र वास सोडतं. म्हणजे 'केवढा वास येतोय, क्लोरीन जास्त झालं' हे आपलं निदान बहुतेक वेळा उलटं असतं. तो वास कामात अडकलेल्या क्लोरीनचा असतो आणि त्यावर उपाय म्हणजे आणखी क्लोरीन. नीट राखलेल्या पूलला वास जवळजवळ येतच नाही.

जे बांधलं गेलेलं नाही ते मोकळं क्लोरीन. ते साधारण १ ते ३ पीपीएम लागतं. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. आमचा पूल १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल आहे. म्हणजे लाखभर लिटर पाणी, दहा हजार लिटरचे दहा टँकर. त्या दहा टँकरांत १०० ग्रॅम क्लोरीन म्हणजे १ पीपीएम.

मोकळ्या रिक्षांमधल्या 'नाही जाणार' म्हणणाऱ्या किती, हे पीएच ठरवतो. पीएच म्हणजे पाणी किती आंबट किंवा किती साबणी, याची पट्टी. ७ म्हणजे मधोमध, त्याखाली लिंबाची बाजू, त्यावर सोड्याची. पीएच ७.२ असताना मोकळ्या क्लोरीनपैकी साधारण दोन तृतीयांश कामाला तयार असतं. ७.५ ला निम्मं. ८ ला जेमतेम पाव. साडेआठला दहांतलं एक. क्लोरीन तेवढंच, पैसे तेवढेच, काम मात्र सात पटींनी कमी. म्हणून पीएच ७.२ ते ७.६ च्या आत ठेवायचा. आपल्या अश्रूंचा पीएच ७.४ च्या आसपास असतो, त्यामुळे डोळ्यांनाही तेच मानवतं.

आमच्या पंप रूममध्ये तपासणीसाठी पिवळ्या थेंबांची बाटली होती. पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो, जितका गडद तितकं क्लोरीन जास्त. हे थेंब शंभरच्या शंभर रिक्षा मोजतात, भरलेल्यासुद्धा. मोकळ्या रिक्षा वेगळ्या मोजायच्या तर गुलाबी रंग देणारी डीपीडी नावाची चाचणी लागते. शिवाय आमची ती पिवळी बाटली दोन वर्षांपूर्वीच मुदत संपलेली निघाली. वहीत रोज 'क्लोरीन ओके' लिहिलेलं होतं. त्या वहीवर दर महिन्याला सही करणाऱ्यांत मीही होतो.

एप्रिल-मे : ऊन क्लोरीन खातं आणि मागे मीठ ठेवतं

कडक उन्हात उघड्या पाण्यातलं निम्मं मोकळं क्लोरीन तासाभरात उडून जाऊ शकतं. सकाळी आठला टाकलेली पावडर अकराच्या बॅचला नावापुरतीच उरते. म्हणून डोस संध्याकाळी, ऊन उतरल्यावर टाकायचा.

उन्हावर दुसरा इलाज म्हणजे सायन्युरिक अॅसिड. पूलवाले त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. ते म्हणजे रिक्षा स्टँडवरचं झाड. सावलीत रिक्षा टिकून राहतात, पण हाक मारल्यावर जरा सावकाश येतात. ३० ते ५० पीपीएमपर्यंत ही सावली फायद्याची. गंमत अशी, की बाजारात 'टीसीसीए ९०' म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्या गोळ्यांमध्ये हे अॅसिड आधीच असतं. गोळीने क्लोरीन १ पीपीएम वाढवलं की स्टॅबिलायझर ०.६ पीपीएम वाढतं. क्लोरीन खर्च होतं, स्टॅबिलायझर साठत जातं. रोज २ पीपीएमच्या हिशोबाने एप्रिल-मेचे साठ दिवस गोळ्या टाकल्या तर स्टॅबिलायझर ७२ ने वाढतं. मग मेअखेर मीटरवर क्लोरीन ३ दिसतं, पण भिंतींवर शेवाळ. सगळ्या रिक्षा झाडाखाली, एकही हलत नाही. हे अॅसिड बाहेर काढायला कुठलंही औषध नाही. थोडं पाणी काढून नवं भरणं एवढाच मार्ग.

वाफेचंही एक आहे. मेमध्ये दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालं तर आमच्या पूलचं साडेचारशे लिटर गेलं. पाणी जातं, क्षार राहतात. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांत हेच तर करत आले. त्यात भर घालायला बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी आलं, की पाण्याच्या रेषेवर टाइल्सना पांढरी किनार धरते. मोरबे धरणाचं पाणी पिणारी नवी मुंबईची मंडळी याबाबतीत सुखी, पण पूलला टँकर लावला की तेही आमच्याच रांगेत.

मग पाऊस येतो

आता मूळ प्रश्न. पावसाचं पाणी तर स्वच्छ, मग पूल हिरवा का होतो?

आधी पाऊस किती पडतो ते बघा. सांताक्रूझच्या वेधशाळेची जून ते सप्टेंबरची सरासरी २२०० मिमीच्या पुढे आहे. म्हणजे सव्वादोन मीटर. आमच्या पूलची सरासरी खोली १.२ मीटर. नळ न उघडता नुसत्या आभाळाने हा पूल एका हंगामात जवळजवळ दोनदा भरतो. एकट्या जुलैत ९०० मिमीच्या आसपास. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी झाला होता. तेवढा पाऊस आमच्या पूलवर पडला तर एका दिवसात ८५ हजार लिटर.

हे पाणी वरून येतं आणि तेवढंच पाणी कडेच्या जाळीतून बाहेर जातं. बाहेर जाताना ते क्लोरीन नेतं, स्टॅबिलायझर नेतं (उन्हाळ्यात साठलेलं गेलं तर बरंच) आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याकडे कोणी बघत नाही ते नेतं : क्षारता.

क्षारता म्हणजे काय? कढी करताना ताकाला बेसन लावतो ना, तसं. बेसन नसेल तर जरा आच वाढली की ताक फुटतं. पाण्यातले बायकार्बोनेट हे त्याचं बेसन. ते ८० ते १२० पीपीएम असेल तर काहीही टाका, पीएच झटकन उडी मारत नाही. पावसाच्या पाण्यात हे बेसन जवळजवळ नसतंच. १०० मिमी पाऊस झाला की आमच्या पूलमधली क्षारता बाराव्या हिश्शाने कमी होते. जुलैच्या सरासरी पावसात ती निम्म्यावर येते. मग पीएच आज ६.८, उद्या ८.१. ऑपरेटर बिचारा आज सोडा टाकतो, उद्या अॅसिड टाकतो आणि दोन्हींची बिलं कमिटीकडे येतात.

उपाय स्वयंपाकघरातला आहे. खायचा सोडा. लाख लिटर पाण्याची क्षारता १० पीपीएमने वाढवायला सुमारे पावणेदोन किलो लागतो. जुलैत गेलेली ५० पीपीएम भरून काढायची तर साडेआठ किलो. धुण्याचा सोडा वापरला तर क्षारतेबरोबर पीएचही झपाट्याने वर जातो, त्यामुळे पीएच आधीच खाली असेल तरच तो.

पाऊस येताना एकटा येत नाही. हवेतली धूळ, झाडांची फुलं-पानं, पोडियमवरच्या कुंड्यांतली खतमिश्रित माती, असं सगळं धुऊन आणतो. नायट्रेट-फॉस्फेट ही शेवाळाची पंगत. तरी धो धो पडत असताना पूल सहसा हिरवा होत नाही. ऊन नसतं, पाणी सतत बदलत असतं. पाऊस दोन-तीन दिवस उघडीप देतो तेव्हा खरी गडबड होते. क्लोरीन पातळ झालेलं, जेवण तयार, पाणी कोमट आणि वर ऊन. शेवाळाला याहून जास्त काय हवं? आमचा तो फोटो असाच उघडिपीच्या तिसऱ्या सकाळचा होता. ऑपरेटर सांगत होता, 'साहेब, काल संध्याकाळपर्यंत निळं होतं.' खोटं बोलत नव्हता.

आणखी एक चोर पंप रूममध्ये बसलेला असतो. ब्लीचिंग पावडर नवी असताना तिच्यात साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतं. जुलैच्या दमट हवेत गोणी उघडी राहिली की ती गोळे धरते आणि क्लोरीन सोडत जाते. माप तेच, ताकद अर्धी. पावसाळ्यात छोटी पाकिटं घ्या, झाकणाच्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये ठेवा, जमिनीवर नको.

तुरटी टाकली तरी पाणी गढूळच. का?

आजी विहिरीच्या पाण्याच्या हंड्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवायची आणि सकाळी गाळ तळाला बसलेला असायचा. मातीचे बारीक कण एकमेकांना दूर ढकलत पाण्यात तरंगतात, तुरटी त्यांची आपसात गाठ घालून देते. गाठ जड होते, खाली बसते. पूलमध्येही हेच.

पण गाठ बांधायला तुरटीला क्षारता लागते. ती क्षारता खाऊनच तिचा कापसासारखा पुंजका तयार होतो. विहिरीच्या पाण्यात ती भरपूर असायची. जुलैच्या पूलमध्ये पावसाने ती धुऊन नेलेली असते. मग तुरटी नुसती विरघळते, पीएच खाली ओढते आणि पाणी होतं तसं दुधाळ राहतं. म्हणून आधी सोडा, दुसऱ्या दिवशी तुरटी. तुरटी टाकल्यावर पंप बंद करून रात्रभर पाणी हलू द्यायचं नाही आणि सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमने थेट गटारात काढायचा. फिल्टरमधून फिरवला तर त्यातल्या वाळूची चिकट लापशी होते.

(गेल्या वर्षी सभेत सूचना आली होती, की दीड दिवसाचा गणपती पूलच्या कोपऱ्यातच विसर्जित करू, शाडूचाच तर आहे. शाडूची माती म्हणजे हेच तरंगणारे बारीक कण. महापालिकेचे कृत्रिम तलाव कशासाठी आहेत?)

हिरव्या पाण्याचेही दोन प्रकार. पांढऱ्या बादलीत पाणी घ्या आणि तासभर ठेवा. गढूळ हिरवं असेल, बोटाला भिंत बुळबुळीत लागत असेल तर शेवाळ. पाणी आरपार स्वच्छ आणि तरी हिरवट दिसत असेल तर कोणीतरी मोरचूद जास्त टाकलाय. मोरचूद म्हणजे तांबं. त्यावर कितीही क्लोरीन टाका, रंग जाणार नाही. केसांना हिरवट झाक यायला लागली की पालक क्लोरीनला शिव्या देतात, तीही बहुधा या तांब्याचीच कृपा.

शेवाळ असेल तर क्रम असा : आधी पीएच खाली आणा, मग भिंती ब्रशने घासा, मग संध्याकाळी क्लोरीनचा मोठा डोस, आणि पंप रात्रंदिवस चालू. घासणं टाळून नुसता डोस दिला तर वरचा थर मरतो, खालचा जगतो आणि चार दिवसांनी पुन्हा फोटो.

'बरं, मग पाणी काढूनच टाकू ना!'

हा पहिला पक्ष. सगळ्यात व्यवहारी वाटतो आणि सगळ्यात महागात पडू शकतो.

जमिनीत खणलेला पूल ही एक काँक्रीटची होडी आहे. आतलं शंभर टन पाणी तिला खाली दाबून ठेवतं. पावसाळ्यात भोवतालच्या जमिनीतलं पाणी वर येतं. होडी रिकामी केलीत तर ते पाणी तिला खालून उचलायला लागतं. तळाला भेगा पडतात, टाइल्स फुगून वर येतात, पाइप तुटतात. क्वचित आख्खा पूल वर सरकतो. खाडीलगतच्या सखल भागात ही भीती जास्त. वाशी, नेरुळ, बेलापूरला भरतीच्या वेळी पावसाचं पाणी थोपवून धरायला धारण तलाव बांधावे लागले, यावरून तिथल्या जमिनीचा अंदाज घ्या. तिथल्या बंगल्यातला किंवा तळमजल्यावरचा पूल जुलैत रिकामा करायचा नाही. करावाच लागला तर इंजिनियरला विचारून.

'आमचा पूल पोडियमवर आहे, खाली पार्किंग आहे.' मग होडीची भीती नाही, पण दोन गोष्टी उरतात. रिकाम्या टाइल्स उन्हात तापतात, सरीने एकदम गार होतात, सांधे सुटतात. आणि रिकामा पूल पावसाळ्यात रिकामा राहतच नाही. तळाच्या उतारावर वीतभर पाणी साचतं, स्वच्छ, स्थिर, क्लोरीन नसलेलं. डेंग्यूच्या एडिस डासाला नेमकं हेच पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. महापालिकेचे लोक फवारणीला येतात तेव्हा टायर आणि कुंड्यांच्या ताटल्या बघतात. तुमचा पूल म्हणजे त्या सगळ्या ताटल्यांची आई. फिरतं, क्लोरीन असलेलं पाणी डासाच्या उपयोगाचं नाही.

तेव्हा पावसाळ्यात पूल बंद म्हणजे माणसांसाठी बंद. पाण्यासाठी तो चालूच ठेवायचा.

'कोणी पोहत नाही, मग विजेचं बिल कशाला?'

आमच्या खजिनदारांचा प्रश्न, आणि रास्त आहे. दोन हॉर्सपॉवरचा पंप तासाला दीड युनिट खातो. पोहणारे नसताना दिवसाला चार तास पुरतात, तेही दोन तुकड्यांत. म्हणजे दिवसाला सहा युनिट, महिन्याला १८०. याच्या समोर दहा टँकर पाणी, ते स्वच्छ करायला लागणारी रसायनं आणि उखडलेल्या टाइल्स ठेवा. खजिनदारांनी कागदावर आकडे मांडले, मान हलवली आणि चहा मागवला. आमच्याकडे ठराव याच पद्धतीने मंजूर होतात.

पंप रूममध्ये पाणी शिरत असेल तर मात्र आधी ते थांबवा, आणि विजेची गळती पकडणारा ब्रेकर दाबून तपासा, तो पडतोय का ते बघा. ढग गडगडायला लागले की सगळ्यांनी पाण्याबाहेर.

ब्लीचिंगची गोणी आणि ज्याची खरी भीती हवी ते

दुसऱ्या पक्षासाठी. ब्लीचिंग पावडरमध्ये चुना असतो, त्यामुळे ती पीएच वर ढकलते. आणि पीएच वर गेला की रिक्षा 'नाही जाणार' म्हणतात, हे आपण पाहिलंच. गोणी ओतली तर पाणी पांढुरकं होतं, तळाला चुना बसतो आणि त्यातलं बरंच क्लोरीन फुकट जातं. लाख लिटरला १ पीपीएम वाढवायला ताजी पावडर ३०० ग्रॅम पुरते. बादलीत आधी पाणी घ्यायचं, त्यात पावडर कालवायची, निवळू द्यायची आणि वरचं पाणी तेवढं पूलमध्ये सोडायचं.

'बादलीत आधी पाणी' हे मी मुद्दाम लिहिलं. पावडरवर पाणी ओतलं तर उसळी मारून डोळ्यांत जाऊ शकतं. आणि हे पंप रूमच्या दारावर मोठ्या अक्षरात हवं : ब्लीचिंग आणि अॅसिड कधीही एकत्र नको, विषारी वायू निघतो. ब्लीचिंग आणि टीसीसीएच्या गोळ्याही एकत्र नकोत, पेट घेऊ शकतात, स्फोटही होऊ शकतो. दोन्हींना एकच माप वापरायचं नाही. पोहून जेवढ्यांना त्रास होतो त्याहून वाईट त्रास या चार बाय सहाच्या खोलीत, महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्या पोराला होऊ शकतो. त्याला मास्क आणि हातमोजे घेताना घासाघीस करू नका.

'आणि तो अमिबा?'

केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये रुग्ण सापडले, बातम्या खऱ्या आहेत. त्यातला सर्वांत कुप्रसिद्ध अमिबा, नेग्लेरिया फाउलेरी, कोमट गोड्या पाण्यात राहतो. तो पाण्याबरोबर नाकात वरपर्यंत गेला तरच मेंदूपर्यंत पोचतो. प्यायल्याने होत नाही, एकाकडून दुसऱ्याला होत नाही. आजार अतिशय दुर्मीळ, पण झाला तर बहुतेकदा जीवघेणा. मोकळं क्लोरीन आणि पीएच जागेवर असलेल्या पाण्यात तो टिकत नाही. म्हणजे भीती बाळगायची तर ती क्लोरीन शून्य असलेल्या कोमट पूलची, फार्महाउसवर शनिवारी भरलेल्या निळ्या टाकीची. 'नैसर्गिक पाणी, नो केमिकल्स' अशी पाटी वाचून आपण खूश होतो ना, तिची.

क्लोरीनलाही दाद न देणारा एक जीव आहे, क्रिप्टोस्पोरिडियम. नेहमीच्या क्लोरीनमध्ये तो आठवड्याहून जास्त जगतो आणि जुलाब करतो. येतो तो बहुधा जुलाब होत असलेल्या किंवा नुकते थांबलेल्या माणसाबरोबर. त्यामुळे पोट बिघडलेल्या मुलाला, बरं वाटल्यावरही दोन आठवडे, पूलमध्ये सोडायचं नाही. फिल्टरपेक्षा हा नियम स्वस्त आहे.

पण हिरव्या पाण्याचा सगळ्यात मोठा धोका मला विचाराल तर तो सूक्ष्मदर्शकाखालचा नाहीच. चार फूट गढूळ पाण्यात तळाला गेलेलं मूल काठावरून दिसत नाही. आमचा नियम आता एवढाच : काठावर उभं राहून तळाची जाळी आणि तिच्या फटी स्पष्ट मोजता आल्या नाहीत, तर टाळं. क्लोरीन कितीही बरोबर असलं तरी.

'क्लोरीनच नको, सॉल्ट पूल करू'

सॉल्ट पूलमध्ये मिठापासून यंत्र क्लोरीनच तयार करतं. पाणी अंगाला मऊ लागतं, पावडर कालवावी लागत नाही, हे फायदे खरे. पण जुलैत पाऊस मीठही धुऊन नेतो आणि मीठ कमी झालं की यंत्र बंद पडतं. आणि क्लोरीन मुळातच नको असेल तर घरचा नळही बंद करावा लागेल. पिण्याच्या पाण्यातही किमान ०.२ पीपीएम मोकळं क्लोरीन उरावं, असं भारतीय मानक सांगतं.

ऑक्टोबर, आणि एक बादली

पाऊस परतला की लोकांना वाटतं, संपलं. आणि ऑक्टोबर हीटमध्ये पूल दुसऱ्यांदा हिरवा होतो. पावसाने स्टॅबिलायझर धुऊन नेलेलं असतं, त्यामुळे ऊन पुन्हा क्लोरीन तासाभरात अर्धं करायला लागतं. तेव्हा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी तपासा : क्षारता, स्टॅबिलायझर, आणि फिल्टरच्या प्रेशरचा काटा. वाळू धुतल्यावर होता त्यापेक्षा काटा ८ ते १० पीएसआय (दाबाचं माप) वर गेला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुणं. त्याआधी रोज बॅकवॉश करून पाणी वाया घालवू नका, थोडी मळलेली वाळू उलट जास्त बारीक गाळते.

याच महिन्यात गळतीही कळते, कारण चार महिने पाऊस ती झाकून ठेवतो. पूलच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आतली आणि बाहेरची पातळी एकसारखी करून बादलीच्या दोन्ही अंगांना पेन्सिलची खूण करायची, आणि पंप बंद ठेवून २४ तासांनी बघायचं. वाफ दोन्हीकडून सारखीच जाते. पूल जास्त उतरला तर फरक गळतीचा. आमच्या बादलीत ५ मिलिमीटर उतरलं, पूलमध्ये ९. चार मिलिमीटर म्हणजे दिवसाला ३६० लिटर. पाण्यातल्या दिव्याच्या खोबणीतून जात होतं, आणि खालच्या पार्किंगमध्ये पाच नंबरच्या खांबाला जी ओल वर्षभर 'पावसाची' म्हणून चालली होती, ती तिथूनच यायची. प्लंबर दिवाळीनंतर येतो म्हणालाय.